पुढची पिढी येवंदे

आमच्या शेजारच्या रघुकाकांच्या अंगणात गेली पाच वर्षे एक गाडी नव्हती.

गाडी नसलेली अंगणे आमच्या पेडणे तालुक्यात पुष्कळ आहेत आणि ती आपापल्या जागी सुखात आहेत. पण काकांच्या नसलेल्या गाडीचा थाट वेगळा. तिला पत्र्याची शेड आहे. शेडला गुळगुळीत कोबा आहे, तो रोज सकाळी झाडला जातो. भिंतीवर छातीइतक्या उंचीला पंधरा अँपियरचा पॉइंट आहे आणि त्याला पावसाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून तेलाचा डबा कापून केलेली छपरी आहे. या शेडमध्ये स्कूटर लावायची नाही, म्हैस बांधायची नाही, लाकडे रचायची नाहीत. एकदा मे महिन्यात अवचित सर आली तेव्हा आमच्या हिने वाळत घातलेल्या सोलांचे, म्हणजे आमसुलांचे, सूप घाईघाईने त्या पत्र्याखाली सरकवले. काका धावत आले.

"बाय, थंय नको. गाडी येवची आसा."

"आज येणार?"

"आज नाय. पुढची पिढी येवंदे."

ही पुढची पिढी म्हणजे एका छोट्या विजेच्या मोटारीची पुढची आवृत्ती. मोटारीच्या बातम्या देणारे लोक तिला पिढी म्हणतात आणि काकांनी तो शब्द इतका मनावर घेतला आहे की आमच्या वाड्यावर आता दुसऱ्या कुठल्याही पिढीबद्दल बोलायची सोय राहिलेली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी "पुढच्या पिढीवर आपल्या आशा आहेत" असे म्हटले, तेव्हा मागच्या रांगा हसल्या. पाहुण्यांना अजून कारण कळलेले नाही. काकांचे आडनाव गाड. त्याला शेवटी एक वेलांटी मिळाली की झाले, असे लोक म्हणतात.

काका वीज खात्यात लाईनमन होते. अर्ध्या तालुक्याच्या खांबांवर ते चढलेले आहेत आणि निवृत्त झाल्यावरही मनाने खाली उतरलेले नाहीत. शर्टाच्या खिशात टेस्टर असतो. माणसांची वर्णनेही ते त्याच भाषेत करतात. विसराळू माणसाचा न्यूट्रल सुटलेला असतो. उगाच चिडणाऱ्याला अर्थिंग नसते. माझ्याबद्दल त्यांचे मत "मास्तर बरो, पण व्होल्टेज कमी" असे आहे, हे मला त्यांनीच सांगितले. मी पेडण्याला शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी घरी आल्यावर माझे व्होल्टेज खरोखरच कमी असते.

त्यांना बसलेले मी फारसे पाहिलेले नाही. काकी जाऊन सात वर्षे झाली, तेव्हापासून तर नाहीच. सकाळी सातला, मी दात घासत असताना, ते कुंपणापाशी येतात. "मास्तर, पॉइंटार दोनशे बत्तीस व्होल्ट आसा." दुपारी दोनशे अठ्ठावीस. संध्याकाळी आम्ही तुळशीला पाणी घालतो तेव्हा काका बालदी घेऊन अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालतात. त्या खड्ड्यात त्यांनी मीठ आणि कोळसा भरलेला आहे आणि तो सुकता कामा नये. पाच वर्षांत तो एक दिवसही सुकलेला नाही. मग ते फाटकाची कडी उघडतात, लावतात, परत उघडून बघतात, आणि मला विचारतात, "मोबाईलार काय नवीन इला?"

मोबाईलवरच्या इंग्रजी बातम्या वाचून सांगायचे काम माझ्याकडे आहे. ते माझ्याकडे कसे आले ते आठवत नाही.

खरे तर पाच वर्षांपूर्वी काका गाडी घ्यायलाच म्हापशाला गेले होते. मीही सोबत होतो. त्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, खाली वाकून पाहिले, चार्जिंगच्या तोंडात बोट घालून पाहिले आणि मान डोलावली. काम झाले होते. तेवढ्यात तिथला विक्रेता गप्पा म्हणून बोलून गेला, "काका, हिची पुढची पिढी तर याहून लांब जाणार आहे म्हणे." काका तिथल्या तिथे ताठ झाले. "मग तीच येवंदे," म्हणाले आणि बाहेर आले. पुढची पिढी आली. ती आली त्याच आठवड्यात तिच्या पुढच्या पिढीची बातमीही आली, आणि ती दुर्दैवाने मीच वाचून दाखवली.

मला या वाट पाहण्याचा राग येई. न सुटलेले गणित समोर असले की मला झोप लागत नाही. म्हणून एका रविवारी मी वही घेऊन काकांच्या सोप्यावर बसलो. काका अर्थातच उभे.

"काका, तुमका जावचा खंय आसा?"

"कारापुराक."

कारापूर डिचोली तालुक्यात, साखळीच्या अलीकडे. तिथे काकांची एकुलती मुलगी सुमन दिलेली आहे. जावयांचे किराणा दुकान आहे. मी जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर लिहिले.

"आधी हरमळाक जावचा. मासळी घेवक."

हरमल अगदी उलट्या दिशेला. पण काकांचा मासळीवाला तिथला. मी सव्वाशे केले.

"कंपनी सांगता तेचा अर्धा धरूचा."

धरले.

"आनी एसी."

"काका, तुमी घरात पंखो लावणास नाय. गाडयेत एसी लावतलास?"

"माका नाय. सुमनाक. तिका आयतारी हंय हाडूची आसा मां. मागल्या सीटार बसतली ती."

रविवारी लेकीला माहेरी आणायची म्हणून मी एसी धरला. चढ धरले, पाऊस धरला, दहा वर्षांनी थकलेली बॅटरी धरली. सगळे धरूनही गेल्या वर्षी आलेली गाडी कारापूरला जाऊन परत येत होती आणि वर थोडे उरत होते. मी वही त्यांच्यापुढे केली. काकांनी उत्तर पाहिले, टेस्टर खिशातून काढला, परत ठेवला.

"वाटेत काय झाला तर?"

"तर सुमनच्या घरी प्लग लावायचा दोन तास."

काका माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटले, मी काही अभद्र बोललो.

"लेकीच्या घरचो करंट?"

मग उलगडा झाला. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्नपाणी घेऊ नये, अशी जुनी रीत आहे. आमच्या वाड्यावर ती आता कोणी पाळत नाही. काका पाळतात. सुमनच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि नऊ वर्षांत काकांनी तिच्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नव्हता.

"काका, अन्नपाणी म्हटलंय रितीन. करंट खंय म्हटलंय?"

"मास्तर, गाडयेचा अन्न काय? करंट. माझ्या गाडयेन थंय खाल्ला म्हणजे मीच खाल्ल्यासारखा."

असे शास्त्र कुठल्या पोथीत नसेल. पण त्यात गणिताची चूक काढता येईना. मी वही मिटली.

तोवर त्यांच्या कारापूरच्या फेऱ्या बसने चालल्या होत्या. त्यातली एक मी पाहिलेली आहे. पहाटे हरमलहून आणलेली मासळी बर्फात, बर्फ पिशवीत, पिशवी मांडीवर. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, डिचोलीहून कारापूर. पोचेपर्यंत काकांची विजार गुडघ्यापर्यंत ओली आणि बसमधले शेजारी नाराज. सुमनने दार उघडले, मासळी घेतली, आणि आम्हाला बसवून ट्रेमध्ये दोन कप चहा आणला. काका खुर्चीच्या कडेला टेकले होते. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, त्याच्याच झाकणात आपला घरचा चहा ओतला आणि जावयांना मीटरची वायर जुनी झाली आहे ती बदला असे सांगू लागले. ट्रेमधला दुसरा कप तसाच राहिला. बरे दिसेना म्हणून तोही मी प्यालो. पोह्यांच्या दोन बशाही मीच संपवल्या. सुमन ट्रे धरून उभी होती. अर्ध्या तासात काका उठले. "बस चुकतली." बसला अजून तासभर अवकाश होता. तो आम्ही रस्त्यावर काढला, काका येरझारा घालत आणि मी पोट धरून.

तेव्हा मी घरी येऊन हा प्रसंग हिला रंगवून सांगितला आणि आम्ही खूप हसलो. आज ते आठवले की बरे वाटत नाही.

मग यंदा देवळातला तो प्रकार झाला.

आमच्या ग्रामदेवतेला कौल लावायची पद्धत आहे. देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा; उजवी पाकळी पडली की होकार. त्याआधी घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी, ज्याचे त्याचे गाऱ्हाणे मोठ्याने घालतो आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. काकांची पाळी आली. घाड्याने विचारले, "काय सांगू देवाक?"

देवळात शंभरेक माणसे होती. एवढ्यांसमोर मोटारीचे नाव काढायची काकांना लाज वाटली असावी. ते हळूच म्हणाले, "पुढची पिढी बेगीन येवंदे, इतक्याच सांग."

घाडी दुसऱ्या वाड्यावरचा. त्याला शेड माहीत नाही, पॉइंट माहीत नाही. त्याला एवढेच माहीत की ह्या माणसाची लेक नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन गेली. त्याने हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायांकडे उभा रवला आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेची लेक कारापुराक दिलेली आसा. तिची कूस भरान दी, पुढची पिढी तेका डोळ्यांनी बघूक गावंदे. तेच्या वाटेत काय आडकाठी आसात ती दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी जीभ चावली. आता काका "गाडयेची, गाडयेची" म्हणून पुढे होणार आणि देऊळ हसून पडणार, म्हणून मी त्यांच्याकडे वळलो. काकांचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांचे म्हणून झाल्यावर त्यांनी एकट्याने पुन्हा एकदा "व्हय म्हाराजा" म्हटले.

उजवी पाकळी पडली.

परतताना मी थट्टेने विचारले, "काका, देवान गाडी आयकली, का नात?" ते भराभर पुढे चालत राहिले. देवळाच्या वाटेवरच्या दिव्याखाली थांबून म्हणाले, "हेचा कनेक्शन लूज आसा," आणि परत चालू लागले.

तो बुधवार होता. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात आमच्या वाड्यावरची एक बाई कारापूरच्या एका बाईच्या शेजारी उभी राहून चवळीच्या शेंगा निवडत होती. तेवढे पुरले. शनिवारी जावयांच्या दुकानात तीन गिऱ्हाइकांनी पेढे मागितले.

रविवारी सुमन एकटीच स्कूटरवरून आली. मी नेमका अंगणात होतो, कारण नव्या पिढीची बातमी आली होती आणि काका ती ऐकत शेडला फेऱ्या घालत होते. तिने हेल्मेट काढून कोब्यावर ठेवले. त्या कोब्यावर काही ठेवलेले मी प्रथमच पाहिले.

"बाबा, देवाक काय सांगलंस?"

"गाडयेचा."

"गाडयेचा?"

"मास्तरांक इचार."

मी साक्ष दिली. घाडी, पिढी, पाकळी, सगळे क्रमाने समजावले. सुमन हसू लागली. हसता हसता पायरीवर बसली. काकाही जरा सैल होऊन हसले. मग तिचे हसणे थांबले आणि ती पदराने डोळे पुसू लागली, तरी पाणी थांबेना.

"बाबा, आमी दाक्तराकडे जावचा बंद केला, तेका दोन वर्सां झाली. तुका सांगूक नाय, तू कळवळतलंस म्हणान. आमी दोगां बरी आसंव. खरीच बरी आसंव. सासू कधी एक सबद बोललेली नाय. शेजारी बोलणत नाय. माका मूल नाय ह्या दर खेपेक येवन तू सांगतंस."

"मिया? मिया कधी सांगलंय?"

"माझो कप तसोच ठेवन थर्मास उघडतंस मां, तेवा."

मला तिथून निघून जायला हवे होते. पाय निघाले नाहीत. त्या ट्रेमधला दुसरा कप मीच प्यालो होतो आणि त्यावर आठवडाभर हसलो होतो.

काका शेडच्या कोब्यावर खाली बसले. अख्खे बसले, मांडी घालून. खिशातला टेस्टर काढून समोर ठेवला.

"माका तसा म्हणूचा नाय होता, सुमना."

"मग कसा?"

"तुझ्या घरात चा घेतलंय तर तेचो अर्थ काय? हेणी वाट बघूची सोडल्यान. देवाक तसाच दिसात. बापूसच आशा सोडता तर मी कित्याक दिव, असा म्हणात तो. म्हणान घेवक नाय. सगळ्यांनी सोडली तरी माझ्याकडे तरी रवंदे, म्हणान."

इतकी वर्षे हा माणूस अर्थिंगला पाणी घालत कशाची वाट बघत होता, ते मला तेव्हा कळले. त्यांनाही बहुधा तेव्हाच कळले असेल. गणिताच्या वहीत मी चढ धरले होते, पाऊस धरला होता. गाडी आली की थर्मास घेऊन दर रविवारी त्या दारात जावे लागेल आणि दर रविवारी तो कप परत करावा लागेल, हे धरले नव्हते.

सुमन उठून त्यांच्याजवळ कोब्यावर बसली. म्हणाली, "पुढची येवची नाय, बाबा. आसा ती पिढी घेवन ये."

तिने घरात जाऊन चहा केला. तिघांनी घेतला. मग ती हेल्मेट घालून गेली.

सोमवारी काका आणि मी म्हापशाला गेलो. तोच विक्रेता होता. या खेपेला त्याने तोंड उघडण्याआधी मीच त्याला सांगितले की पुढचे काहीही बोलायचे नाही. तीन आठवड्यांनी पांढरी गाडी आली. पहिल्यांदा चार्जिंगला लावली तेव्हा काका शेवटपर्यंत शेजारी उभे होते. वाड्यावरचे सगळे पाहून गेले. आमच्या हिने ओवाळले. त्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवर पुढच्या पिढीची बातमी आली होती, आणखी लांब जाणारी. काकांनी विचारले, "काय नवीन इला?" मी म्हटले, "कायच नाय."

पहिल्या रविवारी आम्ही निघालो. आधी हरमल. काकांनी चांगला इसवण, म्हणजे सुरमई, निवडला, मागच्या सीटखाली ठेवला. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. म्हापशात मागून भोंगे वाजत होते, एक बसवाला तर खिडकीतून काहीतरी बोलून गेला. एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि काका दर दहा मिनिटांनी "थांबूया मगो?" विचारत होते, पण थांबत नव्हते.  शेवटच्या वळणावर त्यांनी रुमालाने तळहात पुसले.

कारापूरला जावयांनी दुकानाच्या बाजूला जागा करून ठेवली होती. काकांनी गाडी लावली, पण चावी फिरवली नाही. मी गाडीतल्या पडद्यावर बॅटरी पाहिली. एकसष्ट टक्के. घरी परतायला ते पुष्कळ होते, वर उरले असते. मी समाधानाने सांगायला तोंड उघडले, की माझे गणित बरोबर निघाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. ते खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाले, "सुमना, बॅटरी उतारली गो. तुमच्याकडे चार्जिंगाक लावक होयी."

सुमन हात पुसत आली. खिडकीशी वाकली आणि तिने आत पडद्याकडे पाहिले. लाईनमनची मुलगी ती, आकडे वाचायला लहानपणीच शिकलेली. तिची नजर एकसष्टवर क्षणभर थांबली. मग ती सरळ झाली आणि घराकडे बघून मोठ्याने म्हणाली, म्हणजे आत सासूलाही ऐकू जावे, "व्हय बाबा, खूपच उतारली आसा. सांजेपर्यंत तरी बसूक होया."

मग हळू आवाजात विचारले, "जेवतलंस मां, बाबा?"

काकांनी चावी फिरवली. पडदा काळा झाला.

"जेवतंय," ते म्हणाले.